भीतीची ठेव

माणसाला दोनच हात असतात, ही गोष्ट लहान मूल बरोबर घेऊन घराबाहेर पडल्यावर जितकी जाणवते तितकी एरव्ही जाणवत नाही. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री आणि मूल मात्र रस्त्यापलीकडच्या फुगेवाल्याकडे ओढ घेत असते. अशा वेळी आपल्या आया फार विचार करीत बसत नसत. पिशवी चिखलात गेली तरी चालेल, पण पोराचे मनगट धरीत. बोट नव्हे, मनगट. बोट मूल धरते, मनगट आपण धरतो. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते, परंतु पाय घसरल्यावर या दोहोंतला फरक कळतो.

हा विचार मनात घोळू लागण्याचे निमित्त एका फळीचे झाले. फळी म्हणजे विंडसर्फिंगची. आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांचा समुद्राशी संबंध गोव्याच्या एखाद्या सहलीपुरता; तेव्हा हे प्रकरण नेमके काय असते ते मलाही आधी समजून घ्यावे लागले. एक लांबट, तरंगणारी फळी, तिच्यावर एक डोलकाठी आणि शीड. साध्या होडीत डोलकाठी पक्की रोवलेली असते. इथे ती सर्व बाजूंना वळणाऱ्या एका सांध्यावर बसवलेली असते, म्हणजे कोणी धरून ठेवली नाही तर ती सरळ पाण्यात आडवी होते. फळीवर उभा असलेला माणूस शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरतो, स्वतःचे वजन मागे टाकून वाऱ्याला तोलतो आणि शीड पुढेमागे झुकवून दिशा बदलतो. सुकाणू नाही, ब्रेक नाही. वारा अनावर झाला की हात सोडायचे. शीड पाण्यात पडते, फळी थांबते. सोडता येणे हीच या खेळातली मुख्य सुरक्षितता.

आमचा एक माजी विद्यार्थी ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून गेला, तिकडेच स्थिरावला. गेल्या जुलैत तो इंदूरला आला तेव्हा आपल्या आईला घेऊन मला भेटायला आला. भेटायला म्हणण्यापेक्षा निवाडा मागायला. पर्थमधून स्वान नावाची नदी वाहते, पुढे ती फुगून सरोवरासारखी रुंद होते आणि तिथे हा खेळ चालतो. दुपारी समुद्रावरून जोराचा वारा सुटतो. उन्हाने तापलेल्या शहराला त्याने आराम पडतो म्हणून लोक त्याला ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. हा डॉक्टर येण्याच्या आधी, वारा मंद असताना, माझा विद्यार्थी आपल्या साडेचार वर्षांच्या मुलीला फळीवर घेतो. ती त्याच्या आणि डोलकाठीच्या मध्ये उभी राहते, शीड वर ओढायची जी जाड दोरी असते ती धरून. डोलकाठीला त्याने एक छोटा कॅमेरा बांधलेला आहे. त्यातली फिल्म त्याने आजीला कौतुकाने दाखवली आणि घरात दोन दिवस अबोला झाला.

मीही ती फिल्म पाहिली. पोर सुरेख आहे. अंगात तिच्यापेक्षा मोठे दिसणारे जाकीट. सुरुवातीला ती खदखदून हसते आहे. वर बापाचा चेहरा, त्याच्यावर वाऱ्याने आलेली ती विशेष प्रसन्नता, आणि मागे सरकत जाणारे पाणी. कोणालाही हेवा वाटावा असे दृश्य. मग पाचेक मिनिटांनी हसणे थांबते. ती दोन वेळा मान वर करून काहीतरी बोलते. आवाज वाढवून ऐकले तर शब्द स्पष्ट आहे : ‘‘बाबा, पुरे.’’ बाबा समोर शिडाकडे पाहतो आहे. फळी आणखी तीन-चार मिनिटे चालते, एक वळसा होतो, आणि मग किनारा.

‘‘ती पुरे म्हणाली ते तुला ऐकू आलं नाही?’’ आजींनी माझ्यासमोर पुन्हा विचारले.

‘‘आई, वारा असतो गं. ती पुढे तोंड करून बोलते, मी मागे. ऐकू कसं येणार?’’

‘‘मग जिथं तिचं ऐकू येत नाही तिथं तिला न्यायचं कशाला?’’

मी तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालो, पुढे शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवला हा भाग वेगळा. परंतु या वाक्यापेक्षा नेटका प्रश्न मला एखाद्या ग्रंथात सापडेल असे वाटत नाही. मिल याने स्वातंत्र्यावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ 1859 साली लिहिला, त्यात माणसाला स्वतःच्या जिवाचे बरेवाईट स्वतः ठरवू द्यावे असे सांगताना मुलांना त्याने आरंभीच बाजूला काढले. मुलांचे दुसऱ्यांपासून आणि त्यांच्या स्वतःच्या कृतींपासूनही रक्षण केले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. ठीक. पण रक्षण करणाराच त्याला खांद्यावर घेऊन वाऱ्यात शिरला तर काय, याचा खल तिथे नाही. तो आजींनाच करावा लागला.

विद्यार्थ्याच्या बाजूने जे आहे ते आधी सांगितले पाहिजे. तो बेफिकीर नाही. मुलीला फळीवर घेण्याआधी त्याने तिला चार सुट्या पाण्यात पडायला शिकवले. शीड अंगावर आले तर हात वर करून ते उचलायचे, खालून कसे निसटायचे, हे खेळाखेळात करून घेतले. शीड तो सर्वांत लहान लावतो. पाणी त्याच्या कमरेपर्यंत येते तेवढ्याच पट्ट्यात फिरतो. तिला स्वतःला बांधून का घेत नाहीस, असे मी विचारले तेव्हा त्याने दिलेले उत्तर मला पटले : बांधली तर शिडाखाली अडकेल; पाण्यात सुटी असणे हेच बरे. म्हणजे विचार केलेला माणूस. तरीही फिल्ममध्ये एक गोष्ट उरतेच. त्याचे दोन्ही हात दांड्यावर आहेत. मुलीला कोणीच धरलेले नाही. धरले आहे ते तिने, दोरीला. आणि त्याहून जास्त घट्ट, बापावरच्या विश्वासाला.

लहान मुलाला भीती नसते असे आपण म्हणतो, ते खरे नाही. ज्याने चिंचेच्या झाडावर चढणारी मुले पाहिली आहेत त्याला ठाऊक असते की प्रत्येक मुलाची एक फांदी ठरलेली असते. त्या फांदीपर्यंत ते सरसर जाते आणि तिथे थांबते. खालून मित्रांनी कितीही चिडवले तरी बहुधा पुढे जात नाही. त्याच्या हातापायांत जेवढे बळ तेवढी त्याच्या भीतीची उंची. निसर्गाने दोन्ही एका मापाने दिलेले आहे. पण तेच मूल बापाच्या खांद्यावर बसले की झाडाच्या दुप्पट उंचीवरही टाळ्या पिटते. कारण तिथे त्याची भीती काम करीत नाही. ती त्याने बापाकडे सोपवलेली असते. आपण मोठी माणसे देवळात जाताना चपला जशा बाहेरच्या पोराकडे सोपवतो, तशी. चपलांचा विचार मग त्याने करायचा. मूल आपली भीती आपल्याजवळ ठेवायला देते आणि निर्धास्त होते. आपण त्या निर्धास्तपणाला त्याचे धाडस समजतो, फोटो काढतो आणि म्हणतो, ‘‘पाहा, अजिबात घाबरत नाही.’’ घाबरेल कसे? त्याची भीती आपल्या खिशात आहे.

ठेवीचा कायदा जुना आणि साधा आहे. ठेव वापरायची नाही. मागितली की त्या क्षणी परत द्यायची. ‘‘पुरे’’ म्हणणे म्हणजे ठेव परत मागणे.

या फळीच्या इतिहासातच याची उलट बाजू सापडते. कॅलिफोर्नियातल्या हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक या दोघांनी 1968 साली तिच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला आणि पुढे जगभर तिचा व्यापार झाला. परंतु इंग्लंडमध्ये खटला उभा राहिला तेव्हा असे पुढे आले की 1958 साली, तिथल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेलिंग बेटापाशी, पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने घरच्या घरी फळी आणि शीड जुळवून जवळजवळ हेच साधन केले होते आणि त्यावर तो फिरत असे. न्यायालयाने ते ग्राह्य धरले, 1985 साली अपिलातही तोच निकाल राहिला आणि तिथला स्वामित्वहक्क रद्द झाला. मोठमोठे वकील एका बारा वर्षांच्या पोराच्या सुट्टीतल्या उद्योगापुढे हरले याची मला शिक्षक म्हणून अंमळ मजा वाटते. असो. सांगायचे ते एवढेच, की तो मुलगाही पाण्यात पडलाच असेल. पण त्याची भीती त्याच्याजवळ होती. किती दूर जायचे ते तिने ठरवले.

कोणी म्हणेल, हे पर्थचे कौतुक आमच्या बेळगाव-निपाणीकडे किंवा तुमच्या इंदुरात काय कामाचे? तर मी त्यांना सकाळी सव्वासातला आमच्या शाळेच्या फाटकापाशी उभे करीन. विंडसर्फिंग नसले तरी स्कूटर आहे. वडिलांच्या पुढ्यात फूटबोर्डावर उभे असलेले एक, मागे आईच्या मांडीवर एक आणि दोघांच्या मध्ये दप्तर धरून बसलेले एक. चालवणाऱ्याचे दोन्ही हात हँडलला. पुढचे मूल आरशाची दांडी धरून उभे. माझ्या लहानपणी रामबागेतून राजवाड्याकडे जाताना मीही असाच वडिलांच्या पुढ्यात उभा राहात असे. तोंडावर येणारा वारा, सराफ्याच्या वळणावर त्यांच्या कोपरांनी आपोआप झालेले कुंपण. माझ्या आयुष्यातल्या सुखांपैकी ते एक आहे आणि ते मी नाकारणार नाही. त्या वेळी रस्त्यावर टांगेही होते आणि स्कूटर त्यांच्याच वेगाने जाई, एवढी पुस्ती मात्र जोडली पाहिजे.

कायद्याने यात अलीकडे लक्ष घातले. 2019 च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट आवश्यक झाले. 15 फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेने त्याहून लहान मुलांचाही विचार केला आणि एक वर्षाने तो नियम लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचे हेल्मेट हवे, चालवणाऱ्याच्या अंगाशी पट्ट्याने बांधलेले हवे आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा. मला यातला पट्टा महत्त्वाचा वाटतो. हात गुंतले आहेत, तेव्हा धरण्याचे काम दुसऱ्या कशाने तरी केले पाहिजे, हे शेवटी दिल्लीच्या कोणा अधिकाऱ्याला सुचले. आमच्या फाटकापाशी असा पट्टा मी आजपर्यंत दोनदा पाहिला.

पट्ट्याचा शोध अर्थात नवा नाही. पाठीशी मूल बांधून घोड्यावर बसलेली राणी लक्ष्मीबाई आपण पुतळ्यांत आणि शाळेच्या भिंतींवर पाहात आलो. शिल्पकार ते मूल दोन-तीन वर्षांचे दाखवतात. प्रत्यक्षात दामोदरराव 1849 सालचा, म्हणजे 1858 च्या जूनमध्ये राणी ग्वाल्हेरजवळ पडली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आमच्या तिसरीतल्या मुलाएवढा. आमच्या इंदूरला या मुलाचे विशेष अगत्य असायला हवे, कारण तो इथे राहिला. राणीनंतर निष्ठावंत माणसांनी त्याला जंगलांतून लपवत फिरवले, 1860 साली तो इंदुरास आला, इंग्रजांच्या देखरेखीखाली पेन्शनवर वाढला आणि 1906 साली इथेच वारला.

दोन गोष्टी या चित्रात आहेत. एक म्हणजे ते मूल बांधलेले आहे. एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार. तेव्हा मुलाने आपल्याला धरून राहावे यावर त्या बाईने भरवसा ठेवला नाही, शेला आवळून गाठ मारली. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची : तिला दुसरा मार्ग नव्हता. किल्ल्यात ठेवणे हे पाठीवर घेण्यापेक्षा धोक्याचे होते. वसुदेवाने भरल्या यमुनेतून टोपली नेली तीही अशीच. त्या टोपलीला कोणी परवाना विचारला नाही, कारण काठावर राहणे हाच मोठा धोका होता. संकटातून मुलाला नेणे आणि मुलाला घेऊन संकटात जाणे, या दोन क्रियांत ‘नेणे’ आणि ‘घेऊन जाणे’ एवढाच व्याकरणाचा फरक नाही. आज आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी धबधब्याच्या मधल्या खडकावर मुलाला उभे करणारा बाप मनातल्या मनात स्वतःला लक्ष्मीबाईच्या बाजूचा समजतो. मुलाला धीट करतो आहोत असे म्हणतो. पण तिथे मागे कोणी इंग्रज लागलेला नसतो. मागे असतो मोबाईल.

दामोदररावाच्या बाबतीत आणखी एक तपशील आहे, जो पुतळ्यात येत नाही. गंगाधररावांच्या खाजगी मालमत्तेतली काही लाखांची रक्कम कंपनी सरकारने त्याच्या नावे, तो वयात येईपर्यंत, आपल्याकडे ठेवून घेतली होती. त्याच्या मुंजीसाठी राणीने त्यातले एक लाख मागितले तर जामीनदार आणा म्हणाले. पुढे बंडानंतर ती रक्कम त्याला मिळालीच नाही. अज्ञान मुलाची ठेव मोठ्यांच्या व्यवहारात कशी बुडते याचे याहून स्वच्छ उदाहरण इंदुरात बसून मला दुसरे सुचत नाही.

परत ‘पुरे’ या शब्दाकडे येतो, कारण माझ्या मते सगळा प्रश्न त्याच्यापाशी आहे. मुलाला धोक्यात न्यावे की नेऊ नये, हा प्रश्न अशा सरसकट स्वरूपात विचारला तर दोन्ही बाजूंनी वाटेल तेवढे बोलता येते. धोका शून्य असलेले घर म्हणजे कपाट. परंतु ‘मध्येच पुरे म्हणाला तर?’ असे विचारले की पुष्कळ गोष्टी आपोआप निवडल्या जातात. अभिमन्यूला चक्रव्यूहात पाठवताना पांडवांनी त्याला फसवले नव्हते. त्याने स्वतः सांगितले होते की मला आत शिरणे येते, बाहेर पडणे येत नाही. आणि युधिष्ठिर-भीमांनी सांगितले होते, तू वाट फोड, आम्ही तुझ्या पाठोपाठ आहोत. ते खोटे बोलत नव्हते. जयद्रथाने वाट अडवली एवढेच. म्हणून मला त्या प्रसंगात सर्वांत जास्त टोचतो तो सोळा वर्षांच्या मुलाचा उत्साह. त्या उत्साहालाच वडीलधाऱ्यांनी संमती मानले. ज्याला बाहेर पडण्याची वाट ठाऊक नाही त्याच्या ‘हो’ची किंमत किती?

दहीहंडीच्या सर्वांत वरच्या थरावर जाणाऱ्या गोविंदाचेही तेच. तो हलका म्हणून लहान, आणि लहान म्हणून वर. सातव्या थरावर पोहोचलेल्या मुलाला पुरे म्हणता येते, पण ते अमलात आणायला त्याच्या पायाखालचे शंभर लोक एकदम शहाणे व्हावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली अठरा वर्षांखालील मुलांना मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, परत आले, आणि 2017 साली चौदा वर्षांची मर्यादा राहिली. आकड्यांवर वाद झाले ते वकिलांचे काम. खाली उभ्या असलेल्या आईबापांना आकडा लागू नये.

आता स्वतःच्या धंद्याविषयी. आईबाप स्वतःच्या मुलाला नेतात. आम्ही दुसऱ्यांची चाळीस चाळीस नेतो. सहलीआधी पालकांची सही घेतलेले संमतीपत्र येते. त्यावर मुलाची सही कधीच नसते. मागायची पद्धत नाही. 18 जानेवारी 2024 रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत मापाबाहेर माणसे भरलेली होती, बहुतेकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. बडोदे म्हणजे आम्हा संस्थानी मराठी माणसांचे भावंडच. गायकवाड तिकडे, होळकर इकडे. त्या आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या खोलीत कोणी मोठ्याने बोलत नव्हते. त्या शिक्षिकांचा विचार मला आजही सुटत नाही. त्या दोघींना चार हात होते.

आमची सहल बहुधा ओंकारेश्वरला जाते. तिथे घाटावरून पलीकडे नेणाऱ्या बोटी आहेत आणि मुलांना सहलीतले दुसरे काही आठवत नाही, बोट आठवते. बोटवाले भले लोक आहेत. जाकिटे ढिगाने एका कोपऱ्यात पडलेली असतात, मागितली तर देतात, पण त्यांची माप बहुतेक मोठ्या माणसाची. दहा वर्षांच्या मुलाच्या अंगातून ती हात वर करताच निघून जातात. मी बोट बंद केली. झुलत्या पुलावरून चालत जायचे, पलीकडे जायचे, परत यायचे. त्याला आता बरीच वर्षे झाली. मुले रुसतात, एक-दोन सहकारी मला ‘काठावरचे सर’ म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि त्यात तथ्य नाही असेही नाही. ज्या मुलांनी नर्मदा फक्त पुलावरून पाहिली त्यांना मी काय दिले? सुखरूप घरी आणले, एवढेच. पाण्याची ओळख करून द्यायची राहिली. हा हिशोब मला जुळत नाही, आणि जुळत नाही म्हणून मी बोट सुरूही करीत नाही. मापाची चाळीस जाकिटे शाळेने विकत घ्यावीत असा प्रस्ताव समितीपुढे आहे. समितीत त्यावर चर्चा झाली ती जाकिटांच्या रंगावर.

माझ्या विद्यार्थ्याला मी काय सांगितले ते सांगतो. निवाडा असा दिला नाही; आजी समोर असताना मुख्याध्यापकाने निवाडा द्यायचा नसतो. मी त्याला एवढेच विचारले, की मुलगी फळीवर असताना तुला खेळाची मजा येते का? तो खरे बोलणारा मुलगा आहे. म्हणाला, ‘‘येते सर. वारा जरा उठला की फारच येते.’’ मी म्हटले, मग तिथेच घोटाळा आहे. वारा उठला की तुला आनंद व्हायच्या आधी काळजी वाटली पाहिजे; कारण तिची भीतीही तुलाच वाहायची आहे. मूल फळीवर असताना तो खेळ तुला कंटाळवाणा वाटला पाहिजे. आपण मुलांबरोबर सापशिडी खेळतो तेव्हा काय आपल्याला थरार वाटतो? दहा मिनिटे दांड्याऐवजी तिच्याकडे पाहणे, शीड अर्धे सोडून दिलेले, फळी जेमतेम सरकते आहे. एवढ्यावर जो समाधानी आहे त्याने न्यावे. तो म्हणाला, म्हणजे मी खेळूच नको. मी म्हटले, खेळ की, दुपारी, डॉक्टर आल्यावर, एकटा. आजींना हे पूर्ण पसंत पडले नाही. त्यांना बंदीच हवी होती. चहा मात्र त्यांनी घेतला.

त्यांचा एक प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. जाता जाता त्या म्हणाल्या, ‘‘आणि या वयात हवंच कशाला हे सगळं?’’ याचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. इथे देण्याचा प्रयत्न करतो, आणि तो माझ्याच बोटबंदीच्या विरुद्ध जातो.

26 सप्टेंबर 2023 रोजी चीनमधल्या आशियाई खेळांत शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत नेहा ठाकूर या मुलीने भारताला रौप्यपदक मिळवून दिले. ती आमच्या शेजारच्या देवास जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. देवास इंदूरपासून पाऊण तासावर. समुद्र जवळपास कुठेच नाही. त्याच दिवशी इबाद अली या तरुणाने विंडसर्फिंगमध्ये कांस्य मिळवले. नेहा भोपाळच्या बड्या तलावावरच्या नौकानयन शाळेत तयार झालेली. नेहा ज्या होडीत शर्यत जिंकली ती एकटीने चालवायची होडी आहे. तीत दुसऱ्याला जागाच नसते. पण एकटीने पाण्यात जाण्याआधी कधीतरी, कोणीतरी, तिला पाण्यापाशी नेले असणार. सगळेच माझ्यासारखे काठावरचे सर असते तर माळव्याच्या मुलीला वारा कोणत्या बाजूने येतो ते कळले असते का?

मागच्या हिवाळ्यात एका बैठकीसाठी भोपाळला गेलो होतो. बैठक लवकर संपली, म्हणून तलावाच्या काठी जाऊन कठड्याला टेकून उभा राहिलो. अकराव्या शतकात भोज राजाने बांध घालून केलेला हा तलाव. त्यावर सकाळचा मंद वारा होता. दहा-बारा वर्षांची सात-आठ मुले एकेका छोट्या होडीत बसलेली, प्रत्येकाच्या अंगात घट्ट पट्ट्यांचे जाकीट. शिकवणारा तरुण मोटरबोटीतून त्यांच्या मागे. मला वाटले आता शर्यत लावतील. पण त्याने हाताने खूण केली आणि पहिल्या मुलाने आपली होडी मुद्दाम उलटवली. धप्पकन पाण्यात, मग वर, मग होडीच्या खालच्या पात्यावर उभे राहून तिला सरळ करणे. शेजारी उभ्या असलेल्या चहावाल्याने सांगितले, रोज आधी हेच करून घेतात. एकेक मूल उलटत होते, ओरडत होते, परत चढत होते. मी कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

शेवटचा एक मुलगा मात्र उलटवेना. शिडाची दोरी धरून बसून राहिला. शिकवणारा आपली बोट जवळ घेऊन गेला, इंजिन बंद केले आणि थांबला. काही बोलताना दिसला नाही. बाकीची मुले पुढे निघून गेली. पाच-सात मिनिटे तशीच गेली. मुलाने मान हलवली. मग त्या तरुणाने त्याच्या होडीच्या टोकाला दोरी बांधली आणि तिला हळूहळू ओढत काठाला आणले.

मी स्टेशनकडे निघालो तेव्हा तो मुलगा पायरीवर बसून पेरू खात होता.